टिगोर ईव्ही की नेक्सॉन ईव्ही? परवडणारी इलेक्ट्रिक सेडान आणि छोटी एसयूव्ही यांतून निवडताना

भारतात परवडणारी इलेक्ट्रिक सेडान म्हटलं की नाव एकच पुढे येतं, टाटा टिगोर ईव्ही. त्यापुढची बीवायडी सील थेट चाळीस लाखांच्या पलीकडे जाते, म्हणून ती या हिशेबात नाही. छोट्या एसयूव्हीत मात्र भरपूर पर्याय आहेत: टाटाच्याच पंच आणि नेक्सॉन, महिंद्राची एक्सयूव्ही४००. इथे टिगोर आणि नेक्सॉन समोरासमोर ठेवल्या आहेत, कारण दोघींची लांबी जवळपास सारखी (३,९९३ आणि ३,९९४ मिमी) आणि सुरुवातीच्या किमतीही एकमेकींच्या आसपास. टिगोर नवी मिळते का, की वापरलेलीच शोधावी लागेल, हे शोरूममध्ये आधी विचारून घ्या. बाकीचं गणित दोन्ही वेळी तेच राहतं.

शोरूममध्ये चर्चा उंचीची, सनरूफची आणि स्क्रीनची होते. निर्णय मात्र तीन गोष्टींवर ठरतो: महिन्यातला तुमचा सर्वांत लांबचा प्रवास, गाडी रात्री उभी राहते ती जागा, आणि बॅटरीत किती युनिट मावतात. सेडान की एसयूव्ही हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी युनिटमध्ये विचार करायला शिका

माहितीपत्रकात बॅटरी किलोवॅट-अवरमध्ये लिहिलेली असते. एक किलोवॅट-अवर म्हणजे महावितरणच्या बिलावरचं एक युनिट. टिगोरची बॅटरी २६ युनिटची आहे. नेक्सॉन ३० आणि ४५ युनिटच्या बॅटरीत येते (मधल्या काळात ४०.५ ची होती, वापरलेल्या गाड्यांत ती दिसेल). पंच २५ आणि ३५ मध्ये आली.

पत्रकावरची रेंज बाजूला ठेवा. टिगोरची ३१५ किमी आणि ४५ युनिटच्या नेक्सॉनची ४८९ किमी हे आकडे प्रयोगशाळेतल्या चाचणीचे आहेत. हिशेबासाठी हे आकडे धरा: ताशी ८० च्या आसपास एकसारखं चालवलं, एसी चालू, आत तीन-चार माणसं, तर सेडान किलोमीटरला साधारण १२५ वॅट-अवर खाते आणि छोटी एसयूव्ही साधारण १४५. म्हणजे १०० किलोमीटरला साडेबारा आणि साडेचौदा युनिट.

आता भागाकार करून पाहा. २६ भागिले ०.१२५ केलं की २०८ किमी येतात. ३० भागिले ०.१४५ केलं की २०७ किमी. ३० युनिटची नेक्सॉन जेवढी जाते, तेवढंच अंतर सेडान चार युनिट कमी बॅटरीत कापते. बुटकी बांधणी, लहान आकाराचे टायर आणि कमी वजन यांचा हा फायदा आहे. म्हणून फक्त रेंजसाठी टिगोरऐवजी ३० युनिटची नेक्सॉन घेण्यात अर्थ नाही. रेंज खरंच हवी असेल तर उडी थेट ४५ युनिटवर घ्यावी लागते, आणि तिथे किमतीतला फरक लाखांत जातो.

वेग वाढला की दोघींचं गणित बिघडतं, एसयूव्हीचं जास्त. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो ५६ टक्क्यांनी वाढतो. समोरचा भाग जितका उंच-रुंद, तितका त्याचा फटका मोठा. ताशी १०० ला सेडानसाठी १५० आणि एसयूव्हीसाठी १८० वॅट-अवर धरा. टपावर कॅरिअर लावणार असाल तर त्याहून जास्त.

तुमचा लांबचा प्रवास कागदावर मांडा

रोजचं येणंजाणं इथे जवळजवळ गौण आहे. दिवसाला ६०-८० किमी दोन्ही गाड्या सहज करतात. पाहायचं ते गावाकडची फेरी, औषधोपचारासाठीची फेरी, मुलांना वसतिगृहात सोडणं. वर्षातून एकदाच होणारा प्रवास बाजूला काढा, त्याच्यासाठी गाडी निवडू नका. महिन्यातून एकदा तरी होणारा सर्वांत लांबचा प्रवास घ्या.

उदाहरणादाखल पुणे–कोल्हापूर, सुमारे २३० किमी. पूर्ण चार्ज करून निघायचं आणि १५ टक्क्यांखाली जायचं नाही, असं ठरवू. ही १५ टक्क्यांची शिल्लक सोडू नका. चार्जर बंद असतो, कुणीतरी आधीच लावलेला असतो, किंवा ॲपवर पैसे अडकतात.

सेडानमध्ये वापरायला २२ युनिट हातात, म्हणजे ताशी ८० ने साधारण १७५ किमी. कराड १६० वर आहे, पण मध्ये कात्रज आणि खंबाटकीचे चढ असल्याने तिथपर्यंत ताणण्यापेक्षा ११० किमीवर साताऱ्याला थांबणं शहाणपणाचं. तिथे पोचताना ४५ टक्क्यांच्या आसपास उरतं. पुढच्या १२० किमीला १५ युनिट लागतात, म्हणजे ५८ टक्के. शिल्लक धरून ७५ ते ८० पर्यंत भरलं की झालं. टिगोरचा फास्ट चार्जिंगचा वेग साधारण २५ किलोवॅटचा आहे, त्यामुळे समोर ६० किलोवॅटचा चार्जर असला तरी गाडी तेवढंच घेणार. अर्धा तास धरा.

४५ युनिटची नेक्सॉन हेच अंतर ताशी ८० ने न थांबता जाते: साडेतेहतीस युनिट खर्च, २६ टक्के शिल्लक. हाच प्रवास ताशी १०० ने केला तर ४१ युनिटहून जास्त जातात आणि तिलाही थांबावं लागतं. मोठी बॅटरी घेतली की वेगाची काळजी संपली, असं होत नाही.

प्रवास ३५०-४०० किमीचा असेल तर सेडानची अडचण खरी सुरू होते. १० ते ८० टक्के भरायला तिला तासभर लागतो आणि त्यातून पुढचे जेमतेम १४५ किमी मिळतात. ४५ युनिटची नेक्सॉन चांगल्या चार्जरवर ४० मिनिटांत तेच करते आणि २१५ किमी देते. असे प्रवास महिन्यातून दोन-तीनदा असतील तर सेडानचा विचार इथेच थांबवा.

घाटाचा हिशेब वेगळा करा. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे ५६० मीटरची चढण आहे. चार माणसांसह सेडानचं वजन दीड टनाच्या पुढे जातं. तेवढं वजन एवढं वर न्यायला, वाटेतली गळती धरून, पावणेतीन युनिट लागतात. नेक्सॉनला तीनच्या थोडं वर. हा खर्च सपाट रस्त्याच्या खर्चावर जादा आहे. २६ युनिटच्या गाडीत तो दहा टक्क्यांहून थोडा जास्त, ४५ च्या गाडीत सात टक्के. उतरताना ब्रेकिंगमधून त्यातला बराच भाग परत येतो, पण बॅटरीत जागा असेल तरच. महाबळेश्वरला रात्री शंभर टक्के भरून सकाळी पसरणी घाट उतरायला लागलात तर भरलेल्या बॅटरीत वीज मावत नाही, मोटरचं ब्रेकिंग सुस्तावतं आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवा.

गाडी रात्री उभी कुठे राहते?

घरी किंवा सोसायटीत स्वतःच्या मीटरवर चार्जिंगची सोय नसेल तर या दोन्हींपैकी कुठलीच गाडी घेऊ नका. सोय असेल तर ती कोणती, त्यावरही निवड बदलते.

१५ अँपियरच्या साध्या पॉइंटवर गाडीसोबतचा पोर्टेबल चार्जर लावला की बॅटरीत तासाला अडीच ते पावणेतीन युनिट जातात. सेडान दहा तासांत रिकामीची पूर्ण भरते, म्हणजे रात्रीत काम झालं. ४५ युनिटची गाडी पूर्ण भरायला १७ तास लागतात. तरी घाबरायचं कारण नाही, रात्रभरात २५ युनिट गेले तरी १७० किमी मिळतात. अडचण येते ती लांबून रिकामी परतल्यावर दुसऱ्या सकाळी पुन्हा निघायचं असेल तेव्हा. असं वारंवार होणार असेल तर ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर घ्या आणि त्यासाठी मंजूर भार वाढवून घ्यायचा खर्चही धरा. गाडीच्या आतला चार्जर ७.२ चा आहे का, हे त्याच व्हेरिएंटच्या पत्रकात पाहा. तो ३.३ चा असेल तर भिंतीवर मोठा चार्जर लावूनही वेग वाढत नाही.

वायरिंगवर कंजूषी करू नका. सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात.

१. मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन ओढा. गीझरच्या किंवा पंपाच्या लाइनवर जोड देऊ नका.

२. १५ अँपियरसाठी ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २० अँपियरचा एमसीबी (जादा भार आला की लाइन तोडणारा स्विच). ७.२ किलोवॅटसाठी ६ चौरस मिमी वायर आणि ४० अँपियरचा एमसीबी. हे अंतर ३० मीटरच्या पुढे गेलं तर १० चौरस मिमी घ्या, नाहीतर टोकाला व्होल्टेज पडतं आणि चार्जर मध्येच थांबतो.

३. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडून झटक्यापासून वाचवणारा स्विच) हवाच, आणि तो 'ए' प्रकारचा. स्वस्त 'एसी' प्रकारचा नको.

४. अर्थिंग तपासून घ्या. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. ते पाचच्या वर असेल तर चार्जर लाल दिवा दाखवून बसतो आणि लोक गाडीत बिघाड समजतात.

५. सॉकेट औद्योगिक प्रकारचं किंवा नामांकित कंपनीचं जाड पितळी पट्ट्यांचं घ्या. गीझर वीस मिनिटं चालतो, गाडी दहा तास सलग १३-१४ अँपियर ओढते. सैल पट्टीचं सॉकेट त्यात वितळतं. पहिल्या आठवड्यात तासाभराने प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर ताबडतोब बदला. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नको.

सोसायटीची परवानगी लेखी घ्या आणि ती गाडी बुक करायच्या आधी घ्या. घरच्या सध्याच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली आहे, ती प्रत अर्जाला जोडा. समितीचा आक्षेप बहुधा केबल कुठून जाणार आणि आगीची जबाबदारी कुणाची यावर असतो. केबलचा मार्ग दाखवणारा साधा नकाशा आणि परवानाधारक कंत्राटदाराचं पत्र दिलं की चर्चा लवकर संपते.

रस्ता

टिगोरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, १७२ मिमी आहे. नेक्सॉनचा बॅटरीनुसार १९० ते २०५. शहरात आणि महामार्गावर १७२ पुरतात. पाच माणसं आणि भरलेली डिकी असताना मागचा भाग खाली बसतो, तेव्हा गावाकडच्या गतिरोधकावर पोट घासण्याचा धोका सेडानला आहे. चाचणी घेताना एकटे जाऊ नका. घरची चार माणसं बसवून तुमच्याच रस्त्यावरच्या सर्वांत वाईट गतिरोधकावरून आणि पार्किंगच्या उतारावरून गाडी न्या. शेतावरची वाट, कोकणातला लाल मातीचा कच्चा रस्ता किंवा पावसात खचणारा रस्ता रोजचा असेल तर एसयूव्ही घ्या. वॅट-अवरची बचत इथे पाहत बसू नका.

पाण्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. बॅटरीला आयपी६७ आहे म्हणजे ती एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास टिकल्याचं चाचणीत दिसलेलं असतं. तुंबलेल्या रस्त्यातून गाडी नेण्याचा तो परवाना नव्हे. वाहत्या पाण्याचा दाब, सैल झालेले कनेक्टर, खालून लागलेला दगड यांचा त्या चाचणीशी संबंध नाही. उंच गाडीलाही हे लागू आहे.

माणसं आणि सामान

घरात गुडघेदुखीची ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांना दोन्ही गाड्यांत पाच-पाच वेळा चढउतार करायला लावा. नेक्सॉनची बैठक कमरेच्या उंचीजवळ येते, सेडानमध्ये वाकून खाली बसावं आणि जोर देऊन उठावं लागतं. अनेक घरांत निर्णय इथेच होतो, आणि तो योग्यच असतो.

डिकीच्या बाबतीत सेडान हे नाव फसवं ठरतं. टिगोर ईव्हीची डिकी ३१६ लिटरची आहे, पेट्रोल टिगोरची ४१९ होती. बॅटरीमुळे स्टेपनी डिकीत वर आली आणि सपाट जागा गेली. नेक्सॉनची ३५० लिटरची आहे आणि मागची सीट पाडून उंच सामानही जातं. स्टेपनी आहे की फक्त पंक्चरचा किट, हे त्या व्हेरिएंटला डोळ्यांनी पाहूनच घ्या.

सुरक्षिततेत नेक्सॉन स्पष्ट पुढे आहे. तिला जून २०२४ मध्ये भारत एनकॅप या अपघात-चाचणीचे पाच तारे मिळाले आणि सहा एअरबॅग सरसकट आहेत. टिगोर ईव्हीला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या तेव्हाच्या जुन्या निकषांवर चार तारे मिळाले, एअरबॅग दोन. सतत महामार्गावर मुलंबाळं घेऊन फिरणार असाल तर हा मुद्दा किमतीच्या वर ठेवा.

पैशाचा हिशेब

चालवण्याच्या खर्चातला फरक वाटतो तेवढा नाही. महिन्याला १,२०० किमी धरले तर चार्जिंगमधली गळती मिळवून सेडानला सुमारे १६५ युनिट लागतात, एसयूव्हीला सुमारे १९०. फरक २५ युनिटचा. तुमच्या बिलातल्या सर्वांत वरच्या स्लॅबच्या दराने गुणा, कारण गाडीचे युनिट त्याच स्लॅबमध्ये पडतात. १२ रुपये धरले तरी महिन्याला ३०० रुपये.

विम्यात मात्र ठळक फरक आहे आणि तो कुणी सांगत नाही. इलेक्ट्रिक कारचा थर्ड पार्टी हप्ता मोटरच्या किलोवॅटवर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार ३० ते ६५ किलोवॅटच्या गाडीला वर्षाला २,९०४ रुपये, ६५ च्या वर ६,७१२ रुपये. टिगोर ५५ किलोवॅटची, नेक्सॉन ९५ किंवा त्याहून जास्तची. नव्या गाडीला तीन वर्षांचा हप्ता एकदम भरावा लागतो: ९,०४४ विरुद्ध २०,९०७, वर जीएसटी. छोटी एसयूव्हीच हवी पण हप्ता कमी हवा, तर २५ युनिटची पंच ६० किलोवॅटची असल्याने खालच्या गटात बसते. टायरचंही तसंच, १४ इंची आणि १६ इंची टायरच्या चार नगांच्या किमतीतला फरक लगेच कळतो.

कर्जावरच्या व्याजाला प्राप्तिकराच्या ८०ईईबी कलमाखाली दीड लाखाची वजावट मिळेल असं कुणी सांगितलं तर थांबवा. ती सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणातली अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवरची टोलमाफी दोन्ही गाड्यांना सारखीच, तिचा निवडीशी संबंध नाही.

वापरलेली टिगोर घेताना

रोज ठरावीक फेरी, घरी चार्जिंग आणि मर्यादित पैसे असतील तर वापरलेली टिगोर ईव्ही हा उत्तम सौदा ठरू शकतो. पण नाव एकच असलं तरी गाड्या दोन आहेत. ऑगस्ट २०२१ च्या आधीची टिगोर ईव्ही कमी व्होल्टेजची, ३० किलोवॅट मोटरची, २१.५ युनिटची (रेंज कागदावर २१३ किमी) होती. तिचा फास्ट चार्जिंगचा सॉकेट जुन्या भारत डीसी प्रकारचा आहे, आज महामार्गावर सगळीकडे असलेली सीसीएस-२ प्रकारची बंदूक (चार्जरच्या केबलचं टोक) त्यात बसतच नाही. विकणारा काहीही म्हणो, झाकण उघडून सॉकेट पाहा आणि आरसीवर मोटरची शक्ती वाचा.

दुसरं, गाडी आधी टॅक्सीत होती का? खाजगी गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरं पांढरी, टॅक्सीची पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी. पाटी बदललेली असू शकते म्हणून आरसीचा इतिहास काढा. फ्लीटमधली गाडी रोज फास्ट चार्जवर चाललेली असते.

तिसरं, बॅटरीची तब्येत. गाडी आधी एकदा सावकाश शंभर टक्के भरा, कारण या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पेशींचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतं आणि पूर्ण भरल्याशिवाय टक्केवारीचा अंदाज चुकतो. मग चालवून २० टक्क्यांवर आणा आणि घरच्या सबमीटरवर पुन्हा शंभरपर्यंत भरा. निरोगी बॅटरी असेल तर २३ ते २४ युनिट लागायला हवेत. १९ च्या आसपासच लागले तर बॅटरी ८० टक्क्यांवर आली आहे. हमी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी, जे आधी येईल ते. किती उरली ते मोजून किंमत पाडा. चालवताना २५ टक्क्यांवरून एकदम १० वर घसरण झाली तर पेशींत असमतोल आहे. नेक्सॉनच्या ४५ युनिटच्या बॅटरीवर २०२५ मध्ये जाहीर झालेली १५ वर्षांची हमी पहिल्या मालकापुरती आहे, वापरलेली घेताना ती आपल्याला मिळेल असं धरू नका.

ताबा घेण्याच्या दिवशी

सकाळी उजेडात जा. चॅसी क्रमांकावरून उत्पादनाचा महिना पाहा. सहा महिन्यांहून जुनी गाडी असेल तर १२ व्होल्टची छोटी बॅटरीही मोजून घ्या. मोठी बॅटरी भरलेली असूनही ही छोटी उतरली की गाडी चालूच होत नाही, आणि नव्या गाडीला टो करून नेण्याची वेळ बहुधा हिच्यामुळेच येते. गाडी बंद असताना १२.४ व्होल्टच्या वर हवी.

चार्जर खोक्यातून काढून शोरूमच्याच पॉइंटवर दहा मिनिटं लावून दाखवायला सांगा, मग शक्य असेल तर फास्ट चार्जरवरही. बॅटरी पॅकचा क्रमांक हमीपत्रावर लिहिला आहे ना, फास्टॅगला हीच नोंदणी जोडली आहे ना, आणि गाडीखाली वाकून बॅटरीच्या कवचावर ओरखडा किंवा पोचा नाही ना, हे पाहून फोटो काढून ठेवा. कवचावरचा पोचा नंतर दिसला तर तो तुमच्या गतिरोधकाचा धरला जातो.